बेल्ट सुटला नव्हता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. एका माणसाला ते माहीत होतं, पण मी सांगितलं म्हणून नव्हे. त्यानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो माणूस आता नाही. तो गेला त्या दिवशी मी खूप रडलो. आणि रडता रडता — खरं सांगतो — मनात आलं, की चला, आता हे कुणालाच माहीत नाही.

यावरून मी कसला माणूस आहे ते तुमच्या लक्षात येईल. पुढचं ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मी मूळचा केमचा, करमाळा तालुक्यातला. नोकरी लागली तेव्हापासून सोलापुरात. अक्कलकोट रोडला टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथं मालाची पाठवणी बघतो. खोकी भरायची, पट्ट्या आवळायच्या, गाडीत चढवायची. वाटेत एक खोकं हलता कामा नये, एवढंच माझं काम. माझी बायको स्नेहल रक्तपेढीत टेक्निशियन होती. 'होती' म्हणतोय — ते का, हे सांगतो, पण आत्ता नाही. आत्ता सांगायला घेतलं तर मूळ गोष्ट राहून जाईल. मी याआधी मनातल्या मनात पुष्कळदा सुरुवात केली आहे, आणि दर वेळी असंच कुठंतरी भलतीकडं वळून सुटका करून घेतली आहे.

आमची मुलगी तन्वी. ती नुकती बसायला लागली होती तेव्हा स्नेहलनं तिच्यासाठी गाडीतली सीट मागवली. लहान बाळाची सीट, टोपलीसारखी खोलगट. ती उलटी बसवायची, म्हणजे बाळाची पाठ पुढं आणि तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं. आमच्या घरात असली वस्तू कुणी पाहिली नव्हती. लेकरू मांडीवर घ्यायचं, पदरात धरायचं, खिडकीतून म्हशी दाखवायच्या — एवढंच आम्हाला ठाऊक. शेजारच्या काकू खाली येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "पाठमोरं लेकरू बरं न्हाय वाटत बघायला." मी हसलो. स्नेहलही हसली. म्हणाली, "काकू, मानेला जपतं ते. झटका बसला तर पाठीवर जातो, मानेवर येत नाही."

आमची गाडी लहान, त्यातून जुनी. अशा सीटसाठी नव्या गाड्यांमध्ये असतात ते हूक तिच्यात नाहीत. गाडीचा जो नेहमीचा बेल्ट असतो, त्यानंच ती सीट बांधायची. एक अख्खा रविवार स्नेहल पार्किंगच्या पत्र्याखाली त्या सीटशी झुंजत होती. मागं डावीकडं, म्हणजे पुढं ड्रायव्हरशेजारी माणूस बसतो त्याच्या बरोब्बर मागं, ती बसणार होती. सीट आडवी बसेना म्हणून पुढची सीट सरकवत सरकवत पार डॅशबोर्डपाशी न्यावी लागली. तरी बाळ जास्तच ताठ बसत होतं. असं ताठ बसलं तर झोपेत मान छातीवर पडते, म्हणाली, श्वासाला अडचण होते. मग मी कारखान्यातून आणलेले दोन टॉवेल घट्ट गुंडाळून सीटच्या कडेखाली घातले. उतार नेमका जमला. मग तिनं बेल्ट आरपार ओवला, बकलमध्ये लावला, सीटमध्ये गुडघा रोवून सगळं वजन टाकलं आणि बेल्ट खेचला. केस कपाळाला चिकटले होते. सीटला दोन्ही हातांनी धरून तिनं गदागदा हलवलं, तर गाडी हलली, सीट हलली नाही.

"आता तुम्ही," म्हणाली, आणि केलेलं सगळं तिनं सोडून टाकलं. माझ्याकडून पहिल्यापासून करून घेतलं.

म्हणजे मला येत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला कदाचित माझी कीव येईल, आणि ती येऊ नये. मला सगळं येत होतं. टॉवेल का, उतार का, गुडघा का — सगळं. नकळत झालं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेलीच नाही.

माझे वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो — रेल्वेत गँगमन होते. रुळावर चालून चालून गुडघे गेलेले. त्या हिवाळ्यात सोलापुरात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिना-सव्वा महिना ते आमच्याकडंच होते. मग त्यांना घरची ओढ लागली. रोज विचारायचे, "कवा न्हेतोस रं केमला?" स्नेहल म्हणाली, पाय पसरता येईल अशी मोठी गाडी भाड्यानं करू. आपल्या गाडीत सीट बसवल्यावर पुढं जागा राहत नाही. ते नको तर रेल्वेनं जाऊ, केमला गाडी थांबतेच की.

मी नाही म्हणालो. का? मला अण्णांना माझ्या गाडीतून दारात उतरवायचं होतं. गल्लीनं ते बघावं असं वाटत होतं. एवढंच कारण आहे. दुसरं काही शोधून सापडत नाही.

आम्ही दुपारची जेवणं करून निघालो. मी सकाळची पाळी करून आलेलो, डोळे चुरचुरत होते. अण्णा पुढं, मी गाडी चालवतोय, मागं स्नेहल आणि तिच्याशेजारी उलट्या सीटमध्ये तन्वी. अण्णांचा ऑपरेशनचा पाय डॅशबोर्डला अडकून मुडपलेला. मोडनिंबच्या पुढं बघितलं तर त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा आवळून धरला होता आणि कपाळावर थंडीतही घाम होता.

"दुखतंय का?"

"चालव की तू. हितं काय करनार हायस?"

अण्णा कधी दुखतंय म्हणायचे नाहीत. त्यामुळं ते वाक्य मला जास्त लागलं. मागून स्नेहल म्हणाली, "अण्णा, थांबू या का? मी पुढं बसते, तुम्ही मागं या." पण मागं माझ्या सीटमागंही जागा तेवढीच, आणि तो पाय आत घालायचा म्हणजे वाकवावाच लागणार. अण्णांनी मान हलवली. मला राग येत होता. कुणाचा ते सांगता येणार नाही. म्हणजे — येईल. स्नेहलचा. मोठी गाडी करू असं ती आधीच म्हणाली होती, तिचंच खरं ठरलं होतं, आणि ती ते बोलूनही दाखवत नव्हती, याचा.

इथं मी नेहमी थांबतो. मनातल्या मनातसुद्धा. याच्या पुढं जायचं म्हटलं की मला तन्वी दिसायला लागते — आताची, तिसरीतली. तिला हाक मारली की ती आधी डावीकडं बघते. हाक उजवीकडून आली असली तरी डावीकडं. तिचा उजवा कान गेलेला आहे, पूर्ण. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं, की एकाच कानानं ऐकणाऱ्याला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. सात रस्त्याच्या चौकात तिचा हात धरून रस्ता ओलांडताना मागून हॉर्न वाजला की ती जागच्या जागी उभी राहते आणि गोल फिरून शोधते. रिक्षा अंगावर येत असते आणि ती भलत्याच बाजूला बघत असते. मी तिचा हात सोडत नाही. पण मी किती दिवस धरणार तो हात? एक दिवस ती एकटी रस्ता ओलांडेल. मी त्या दिवसाची वाट बघत असल्यासारखा जगतो.

असो. टेंभुर्णीच्या अलीकडं.

हायवेला एक चहाचं हॉटेल होतं, तिथं गाडी थांबवली. तन्वी भुकेनं रडत होती. स्नेहलनं तिच्या अंगावरचे पट्टे सोडले — सीटमध्ये बाळाला धरून ठेवणारे पट्टे असतात, त्यांचं मध्ये एक लाल बटण असतं — आणि तिला उचलून पाजायला आत घेऊन गेली. अण्णा गाडीतच बसून होते. उतरायचं त्राण नव्हतं. मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं तेव्हा ते डोळे मिटून म्हणाले, "लई कळ मारतीय रं. वाईच सरकव की ही खुर्ची."

मी पुढची सीट मागं ढकलली. ती बाळाच्या सीटला लागून अडली.

मग मी मागचं दार उघडलं, आणि बकल दाबून बेल्ट सोडला.

बघा — सांगून झालं. एवढंसंच वाक्य आहे. घरात, दवाखान्यात, नातेवाइकांत, इतकी वर्षं सगळे म्हणत आले, "बेल्ट सुटला होता." बेल्ट सुटला नव्हता. मी सोडला होता.

खालचे टॉवेल काढून डिक्कीत टाकले. बाळाची सीट ताठ उभी केली, पुढची सीट हवी तेवढी मागं घेतली. अण्णांनी पाय लांब केला आणि असा श्वास सोडला, की मला अजून तो ऐकू येतो. मग मी बेल्ट पुन्हा लावायला गेलो. सीट ताठ केल्यामुळं तो पुरेना. बोटभर कमी पडत होता. दोनदा खेचून बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं नाही. बाळाची सीट पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये अशी घट्ट अडकून बसली होती, की मला वाटलं, आता ही कुठं जाणार? केम काय, आलंच. बेल्टचं टोक मी सीटच्या मागं खोचून ठेवलं. लावलेला दिसावा असं. आणि वरून स्नेहलची ओढणी पसरली, ऊन लागू नये म्हणून ती तिथं असायचीच.

ऊन उतरलं होतं. ऊन लागण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

अण्णा मान वळवून बघत होते. "आसं चालतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "चालतंय."

स्नेहल बाहेर आली. तन्वी खांद्यावर झोपलेली. स्नेहल म्हणाली, तुम्ही जांभया देताय, आता गाडी मी घेते. ती माझ्याहून चांगली चालवायची. मी म्हणालो, दे तिला, मी ठेवतो. मीच तन्वीला सीटमध्ये ठेवलं, अंगावरचे पट्टे लावले. स्नेहलनं आरशातून बघत विचारलं, "घट्ट आहे ना?"

"आहे."

एवढंच विचारलं तिनं. परत विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? मला माहीत नाही. नसतं सांगितलं.

टेंभुर्णीला हायवे सोडला आणि उसाच्या पट्ट्यात शिरलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये अरुंद डांबरी रस्ता. साखर कारखान्यांचा हंगाम, त्यामुळं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर समोरून येत, गाण्याचा धुडगूस घालत निघून जात आणि मागं धूळ लोंबकळत राही. संध्याकाळचा तो उजेड — दिवे लावले तरी उपयोग नाही आणि न लावावेत तर दिसत नाही, असा. मी मागं तन्वीशेजारी बसलो होतो. माझा एक हात मी तिच्या सीटवर ठेवला होता. पहिल्या खड्ड्यालाच ती सीट हलली होती. मला हाताला कळलं. दुसऱ्या खड्ड्यालाही कळलं. 'थांब' म्हणायला किती वेळ लागतो? मी हात घट्ट केला. मला वाटलं, माझा हात आहे की.

अण्णाही गप्प होते. आरशात स्नेहलचे डोळे रस्त्यावर होते. ती काहीतरी हळू गुणगुणत होती.

वळणावर उसानं भरलेली एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती. चाक निखळलेलं, मागं ना दिवा, ना दगड, ना फांदी. स्नेहलनं ती बघितली. बघितली म्हणून आम्ही आज आहोत. तिनं ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडं काढली. उजवीकडून समोरून मोटरसायकल येत होती. डावी चाकं रस्त्याकडेच्या चारीत गेली, गाडी त्या अंगाला कलली आणि बाभळीला घासून थांबली. वेग फार नव्हता. मला खांद्याला मुका मार, अण्णांना काही नाही, स्नेहलच्या मनगटाला सूज.

माझा हात? तो कधी निसटला ते मला कळलंही नाही. बाळाची सीट उचलली जाऊन दारावर आदळली होती आणि तिथंच आडवी पडली होती, तन्वीसकट. ती रडली नाही. ती रडेपर्यंतचा जो वेळ गेला, तो अजून गेलेला नाही.

लोक धावले. कुणीतरी जीप आणली. टेंभुर्णीला, तिथून सोलापूरला. तन्वीच्या कानातून रक्त येत होतं. कानामागचं हाड तडकलं होतं. दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "सीटमध्ये होती म्हणून वाचली." मग थांबून म्हणाले, "पण सीट बांधलेली नव्हती का? बांधलेली असती तर एवढंही व्हायला नको होतं."

स्नेहल माझ्याकडं बघत नव्हती. ती स्वतःच्या हातांकडं बघत होती.

आता जे सांगणार आहे, ते बेल्ट सोडण्याहून वाईट आहे. बेल्ट मी बापाच्या दुखण्यापायी सोडला असं म्हणून एखादा दयाळू माणूस मला माफ करील. याला काय म्हणेल?

दवाखान्याच्या व्हरांड्यात, भर दिवसा, औषधांच्या पिशव्या घेऊन माणसं ये-जा करत असताना स्नेहलनं मला विचारलं, "अहो, मी बेल्ट ओढून बघितला होता ना? सोलापुरातून निघताना? मला आठवतंय बघितल्याचं. मग सुटला कसा?"

तिनं मला कोंडीत पकडलं नव्हतं. ती मला विचारत होती, जसं आपण आपल्या माणसाला विचारतो. माझ्या तोंडात खरं उत्तर होतं. ते जिभेवर आलेलं मला जाणवलं. आणि मी म्हणालो, "हॉटेलपाशी तू तिला घाईत काढलंस ना. दोन्हीची बटणं लालच आहेत. चुकून गाडीच्या बेल्टचंही दाबलं गेलं असेल."

मग मी — इथं नीट ऐका — स्वतःकडं थोडा दोष घेतला. म्हणालो, "मीही ठेवताना बघायला हवं होतं. माझंही चुकलं." असा थोडासा दोष घेतला की माणूस किती खरा वाटतो. तिनं माझा हात धरला. "नाही," म्हणाली, "तुम्ही कशाला बघाल? तुम्हाला काय माहीत, मी ते दाबलंय म्हणून." आणि ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

नंतर माणसं भेटायला येऊ लागली. तिच्या हातात गाडी कशाला दिली, असं माझी मावशी तिच्यासमोर म्हणाली. ती ट्रॉली स्नेहलला दिसली म्हणून आपण वाचलो, एवढं तरी मी बोलायला हवं होतं ना? मी मावशीला चहा घेणार का म्हणून विचारलं.

अण्णांनी मात्र मला गाठलं. केमला, घरामागच्या ओट्यावर. "सूनबाईला सांगितलंस का?"

"सांगतो."

पुढच्या खेपेला परत तेच. "सांगितलंस का?" मी म्हणालो, योग्य वेळ बघून सांगतो. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "मीच सांगतो तिला. माज्या पायापायी झालं ते. म्हाताऱ्याला काय म्हनंल ती? म्हनू दे."

त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काहीतरी होतं. आणि मी त्यांना म्हणालो, "अण्णा, तुम्ही सांगितलंत तर ती लेकरू घेऊन माहेरी जाईल. नात दिसायची नाही तुम्हाला." मला ठाऊक होतं कुठं मारायचं ते. त्यांनी हातानं गुडघा चोळला. मग म्हणाले, "बरं." त्यानंतर ते सोलापूरला कधी आले नाहीत. आम्ही गेलो की स्नेहलनं आणलेलं पाणीसुद्धा ते हातातून घ्यायचे नाहीत, म्हणायचे, "ठेव तितं, घेतो मी." स्नेहलला वाटायचं, अण्णांच्या मनात राग आहे, नातीचं असं केलं म्हणून. तिनं मला तसं विचारलं. मी म्हणालो, "जुनी माणसं, वेळ लागतो."

एका खोटेपणातून किती निघतात, बघा. मला नवं खोटं बोलावंच लागलं नाही. पहिलंच वाढत गेलं, काँग्रेस गवतासारखं.

अण्णा झोपेत गेले. शांतपणे, असं सगळे म्हणाले.

आणि स्नेहल. ती कामावर परत गेली होती, काही महिने. रक्ताच्या पिशवीवरचा गट ती आधी एकदा बघायची, मग दोनदा. मग पिशवी दिल्यावर परत मागवून घेऊन बघायला लागली. एकदा एका बाईच्या बाळंतपणात रक्त हवं होतं आणि स्नेहल पिशवी हातात घेऊन उभी राहिली. चिठ्ठी बरोबर, गट बरोबर, सगळं बरोबर, पण हातातून सोडवेना. दुसऱ्या मुलीनं ती तिच्या हातातून काढून घेतली. घरी येऊन मला म्हणाली, "माझा माझ्या हातांवर भरवसा राहिला नाही. मी काय दाबते, काय सोडते, मला कळत नाही." आणि तिनं राजीनामा दिला. मी म्हणालो, "तुला बरं वाटेल तसं कर." ती त्या वेळी मला समजूतदार नवरा म्हणाली.

ती गाडीला नंतर कधी शिवली नाही. गॅस बंद केला की मला बोलावते, "जरा बघता का, बंद आहे ना?" मी जाऊन बघतो. बंदच असतो. तन्वीची वेणी घालताना रिबिनीची गाठ मारून ती तन्वीलाच विचारते, "बसली का नीट?" तन्वी कंटाळते. "आई, तू सारखं काय विचारतीस?" मी पेपर वाचत असतो.

मध्ये एकदा मला वाटलं, की तिला कळलंय. जेवताना ती मध्येच म्हणाली, "त्या दिवशी टॉवेल डिक्कीत कसे गेले असतील हो?" गाडी दुरुस्तीला दिली तेव्हा डिक्की तिनंच रिकामी केली होती, आणि हे तिला एवढ्या वर्षांनी आठवत होतं. मी म्हणालो, "लोकांनी सामान गोळा करून टाकलं असेल." तिनं मान हलवली. त्या दिवसापासून मला कळत नाही, की तिनं ते मानलं, का नुसतं ऐकून घेतलं. ती माझ्याकडं बघते तेव्हा मी तिच्या नजरेत शोधत असतो. काही दिसत नाही. काही दिसत नाही याचीच मला जास्त भीती वाटते.

गेल्या महिन्यात स्नेहलची धाकटी बहीण आली होती, पल्लवी. तिला मुलगा झालाय, पाच महिन्यांचा. तिची गाडीही आमच्यासारखीच लहान, आणि तिनंही तसलीच उलटी सीट घेतलेली. बसवता येईना म्हणून आमच्याकडं घेऊन आली. म्हणाली, "ताई, तुला येतं ना, दाखव की."

स्नेहलनं हात मागं घेतले. पाठीमागं, लहान मुलं लपवतात तसे. "मी नाही," म्हणाली. "हे बसवतील. यांचा हात चांगला आहे."

पल्लवी, तिचा नवरा, तन्वी, सगळे खाली पार्किंगमध्ये उभे. स्नेहल जिन्याच्या पायरीवर, जरा लांब. मी गाडीत वाकलो. मी बेल्ट ओवायला घेतला, तेव्हा तिकडून तिचा आवाज आला. "आधी पुढची सीट सरकवा. आता खालून. नाही, दुसऱ्या खाचेतून. आता गुडघा टेका. सगळं वजन द्या. आता ओढा." एक शब्द ती विसरली नव्हती. एक पायरी तिची चुकत नव्हती. मी ती सांगेल तसं करत गेलो. शेवटी ती म्हणाली, "हलवून बघा."

मी हलवली. सीट जागची हलली नाही. पल्लवीचा नवरा मला म्हणाला, "भाऊजी, तुम्ही होता म्हणून बरं झालं." मी हसलो.

स्नेहल पायरीवरून उतरून आली. सीटकडं नाही, पल्लवीकडं गेली. तिच्या कडेवरच्या बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला म्हणाली, "वाटेत त्याला काढलंस, की परत ठेवताना सगळं स्वतः बघ हं. दुसरं कुणी म्हणालं घट्ट आहे, तरी तू बघ."

हे म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघायचं टाळलं का, तेही मला सांगता येणार नाही. ती वर गेली. वर जाऊन तिनं गॅसवर चहा ठेवला असावा, कारण जरा वेळानं गॅलरीतून तिनं मला हाक मारली — बंद केलाय का ते येऊन बघा, म्हणून.

मी वर गेलो. बंदच होता. मी म्हणालो, "बंद आहे."